ई-माउंटन बाईक कुरकुरते? आवाज ‘कुठून’ येतो ते सोडा, ‘कधी’ येतो ते पाहा

ई-माउंटन बाईक घेऊन सहा-आठ महिने झाले की बहुतेक वाचकांचा प्रश्न एकच असतो: पायडल मारताना खालून कुरकुर येते, मोटर गेली का? सायकलच्या दुकानात दाखवली तर एक मिस्त्री ‘बीबी’, म्हणजे पायडलच्या घरातलं बेअरिंग, बदला म्हणतो, दुसरा चेनला तेल देतो, तिसरा दिसेल तो नट आवळून देतो. चार दिवस बरं वाटतं, मग आवाज परत सुरू. कंपनीला फोन केला तर गाडी नागपूरला आणायला सांगतात. आपल्या गोंदियाहून नागपूर रेल्वेनेही सुमारे १३० किलोमीटर. वीस-पंचवीस किलोची गाडी तिथवर न्यायची, आणि तिथे नेमका आवाज गप्प.

हा खटाटोप बऱ्याचदा टाळता येतो. कुरकुर बहुतेक वेळा मोटरची नसते. दोन भाग एकमेकांवर कोरडे घासले किंवा सैल होऊन किंचित हलले की ती निर्माण होते, आणि ते दोन भाग सापडले की साफ करणं, ग्रीस लावणं आणि योग्य जोराने आवळणं एवढंच काम उरतं. अडचण सापडण्याचीच असते. अॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांमधून आवाज सगळ्या फ्रेमभर फिरतो. सीटच्या दांड्याची कुरकुर पायडलपाशी ऐकू येते, हँडलची बॅटरीपाशी. म्हणून कानाला जागा विचारू नका, वेळ विचारा. आवाज नेमका कधी येतो आणि कधी बंद होतो, हे कळलं की संशयित दोन-तीनच उरतात.

आधी ठरवा: गाडी चालवायची की उभी करायची?

पुढीलपैकी काहीही दिसलं तर चाचण्या करत बसू नका. गाडी तिथेच थांबवा आणि हाताने ढकलत न्या.

- फ्रेमवर बारीक रेघ, रंगाला पडलेला तडा किंवा वेल्डिंगजवळ काळपट ओळ. हँडलखालचा सांधा, सीटच्या नळीचा सांधा, पायडलच्या घराभोवतीचा भाग आणि मागच्या एक्सलची खाच या चार जागा बोटाने पुसून नीट पाहा. अॅल्युमिनियमची चीर हळूहळू वाढते आणि शेवटी एकदम तुटते.
- मागच्या चाकात मोटर असेल आणि एक्सलचा नट सैल लागत असेल. एक्सल खाचेत फिरला तर वायर पिळून तुटते आणि चाकही निसटू शकतं.
- क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हाताने आत-बाहेर हलतो.
- पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवली की ‘ठक’ असा धक्का बसतो.
- दोन किंवा अधिक स्पोक तुटलेले आहेत.
- बॅटरी फुगली आहे, तिला वास येतो, ती नेहमीपेक्षा जास्त तापते किंवा पडल्यापासून आतून खुळखुळते. अशी बॅटरी चार्जिंगला लावू नका, घरात ठेवू नका.

आपली गाडी कोणत्या प्रकारची?

1. मागच्या चाकात मोटर. भारतात परवडणाऱ्या किमतीत मिळणाऱ्या बहुतेक ई-माउंटन बाईक अशा असतात: मागे २५० वॅटची हब मोटर, पुढे सस्पेन्शनचा चिमटा, डिस्क ब्रेक, सात-आठ गिअर. इथे मोटरचा सगळा जोर मागच्या एक्सलवर आणि स्पोकवर येतो, म्हणून कुरकुरीचे संशयितही तिथे जास्त.
2. पायडलपाशी मोटर. महागड्या आणि आयात गाड्यांमध्ये मोटर फ्रेमला बोल्टने बसवलेली असते. तिचा जोर चेनमधून जातो, त्यामुळे मोटरचे बोल्ट, चेन आणि मागची गिअरची चकती यांच्यावर ताण येतो.
3. जुन्या सायकलला बसवलेलं किट. सायकलची खाच मोटरच्या जोरासाठी केलेली नसते. एक्सल फिरू न देणारी लोखंडी पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म, बसवलेली नसेल तर आवाजाच्या आधी तीच बसवून घ्या.

आवाजाला नाव द्या

मिस्त्रीला ‘आवाज येतो’ एवढंच सांगितलं तर तो सगळंच आवळणार. नेमका शब्द दिला तर निम्मं काम होतं.

- कुरकुर, करकर: जोर दिल्यावर येते. कोरडा किंवा सैल सांधा. या लेखाचा मुख्य विषय हाच.
- टक… टक: ठरावीक अंतराने. काहीतरी फिरताना एकाच जागी लागतं किंवा सरकतं.
- खडखड: खड्ड्यातून जाताना. बॅटरी, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड किंवा फ्रेमच्या आतल्या वायरी.
- चीं चीं: कोरडी चेन किंवा गिअरची छोटी चाकं. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्कवर तेल किंवा धूळ.
- घरघर: खराब बेअरिंग किंवा मोटरमधले झिजलेले दाते.
- हलकी गुणगुण: दातेवाल्या हब मोटरचा नेहमीचा आवाज. पहिल्या दिवसापासून तसाच असेल तर काळजी नको.

पंधरा मिनिटांची तपासणी

सपाट, शांत रस्ता निवडा. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ किंवा बाजाराचा रस्ता नको, तिथे काही ऐकूही येणार नाही. तलावाच्या पाळीवरचा डांबरी रस्ता उत्तम. चढावरची चाचणी सालेकसा तालुक्यात दरेकसाच्या बाजूला होऊ शकते, नाहीतर जवळच्या एखाद्या पुलाचा चढ पुरेसा आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आत मात्र परवानगीशिवाय सायकल न्यायची नाही.

खिशातल्या किल्ल्या, पाठीवरची पिशवी, कॅरिअरवरचं सामान सगळं काढून ठेवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलत चला:

1. पायडल थांबवा, गाडी वाहू द्या. आवाज चालूच राहिला तर दोष चाकात, ब्रेकमध्ये किंवा सैल सामानात. बंद झाला तर पायडल, चेन, सीट किंवा हँडल.
2. सीटवरून उठा, उभ्याने पायडल मारा. आवाज गेला तर सीट किंवा तिचा दांडा.
3. हँडल न ओढता, सैल हातांनी पायडल मारा. आवाज गेला तर हँडल किंवा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा भाग.
4. आधी फक्त उजव्या पायाने, मग फक्त डाव्या पायाने जोर द्या. एकाच बाजूला येत असेल तर त्या बाजूचं पायडल किंवा क्रँक. बूट आणि लेस क्रँकला लागत नाहीत ना, तेही पाहा.
5. मोटरची मदत शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर मोटर निर्दोष. फक्त मदत चालू असतानाच येत असेल तरी लगेच मोटरला दोष देऊ नका. हब मोटरचा जोर एक्सलच्या नटवर आणि स्पोकवर पडतो; आधी ते तपासायचे.
6. बॅटरी काढून, खडखड येते त्याच खड्ड्यांच्या रस्त्यावर फिरा. खडखड गेली तर बॅटरीचं घर सैल आहे.
7. गाडी उभी करून पुढचा ब्रेक दाबा आणि हँडलवर जोर देत पुढे-मागे ढकला. करकर आली तर चिमटा किंवा हँडलचे बेअरिंग.

आवाज मोजा

टकटक ठरावीक असेल तर मोजणी सर्वांत भरवशाची. आरामात पायडल मारलं तर सेकंदाला साधारण एक फेरा होतो. त्याच वेळी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारं साडेसत्तावीस इंची चाक सेकंदाला सुमारे अडीच फेरे घेतं.

- पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा: पायडल, क्रँक, बीबी किंवा पायडलजवळची सेन्सरची चुंबकाची चकती.
- सेकंदाला दोन-तीनदा, वेगाबरोबर वाढणारा: चाक. स्पोक, वाकलेली डिस्क, टायरमध्ये अडकलेला खडा.
- पायडलच्या दर अडीच-तीन फेऱ्यांना एकदा: चेनची एखादी आखडलेली कडी. पुढे ४२ दाते आणि चेनमध्ये ११२ कड्या असतील तर पूर्ण चेन एकदा फिरायला पायडलचे सुमारे पावणेतीन फेरे लागतात, म्हणून हा हिशेब.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. पावसात भिजल्यावर किंवा गाडी धुतल्यावर आवाज गायब होतो आणि वाळल्यावर परत येतो, तेव्हा समजा की कुठलातरी सांधा कोरडा पडला आहे. पाण्याने तो तात्पुरता ओला होतो, इतकंच.

हाताशी काय हवं?

- ४, ५, ६ आणि ८ मिलिमीटरच्या अॅलन की, टी-२५ टॉर्क्स की, १५ चा पातळ पाना आणि एक्सलच्या नटच्या मापाचा पाना.
- ग्रीस. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारं एपी-३ ग्रीस धातूच्या सांध्यांना चालतं. कार्बनच्या भागांना ते लावायचं नाही, त्यांची वेगळी पेस्ट मिळते.
- सायकलच्या चेनचं तेल, जुनी सुती फडकी, जुना दात घासायचा ब्रश.
- डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं.
- जमल्यास टॉर्क रेंच. चार-पाच मित्रांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.

टॉर्क रेंच नसेल तर अंदाज असा: ४० न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर सुमारे २० किलोचा जोर. ५ न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटिमीटरच्या अॅलन कीवर सुमारे ५ किलो. पायडलला ३५ ते ४० न्यूटन-मीटर लागतात, तर स्टेमचे बोल्ट ४ ते ६ मध्येच बसतात. दोन्हींना सारखाच जोर लावला की एक सैल राहतो आणि दुसरा तुटतो. भागावरच आकडा छापलेला असेल तर तोच अंतिम.

संशयित: स्वस्तापासून महागाकडे

काम सुरू करण्यापूर्वी गाडी बंद करून बॅटरी काढा. एका वेळी एकच सांधा उघडा, जोडा आणि फेरी मारून पाहा. तीन सांधे एकदम केले आणि आवाज गेला, तर कशामुळे गेला ते कळणार नाही. तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

१. सीट आणि तिचा दांडा. सर्वांत जास्त वेळा गुन्हेगार हाच निघतो. उंचीची खूण करून दांडा बाहेर काढा. नळीतून आणि दांड्यावरून धूळ पुसा. आपल्याकडे मुरमाची लाल धूळ आणि मळणीच्या दिवसांत धानाचा बारीक भुसा इथे हमखास साचतो. धातूच्या दांड्याला ग्रीसचा पातळ थर द्या, सीटच्या रुळांचा आणि पट्टीचा सांधा साफ करा, बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून आवळा. ‘कमीत कमी आत’ ही दांड्यावरची रेघ बाहेर दिसता कामा नये.

२. पायडल. दोन्ही काढून आटे साफ करा आणि ग्रीस लावा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सोपा नियम असा: पाना वर उभा धरून गाडीच्या पुढच्या दिशेने फिरवला की दोन्ही पायडल आवळतात, मागच्या दिशेने फिरवला की सैल होतात. ग्रीस लावूनही टकटक राहिली तर दुसऱ्या सायकलची पायडल लावून पाहा. आवाज गेला तर पायडलचे छर्रे गेलेत. नवी जोडी घ्या.

३. हँडल आणि स्टेम. ब्रेक दाबून गाडी हलवताना हँडलखालच्या सांध्यावर बोट ठेवा. हालचाल जाणवली तर क्रम पाळा: आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करा, मग वरच्या टोपीचा बोल्ट हालचाल जाईपर्यंतच आवळा, शेवटी हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट आलटून-पालटून आवळा. बाजूचे बोल्ट आवळलेले असताना टोपी कितीही फिरवली तरी उपयोग नाही. हालचाल नसेल पण करकर असेल तर स्टेमची पुढची पट्टी उघडून धूळ पुसा.

४. बॅटरीचं घर. रूळ आणि कुलपाचा खटका पाहा. रुळांचे बोल्ट आवळा. तरी ढिलाई राहिली तर बॅटरी जिथे टेकते तिथे पातळ रबरी किंवा फोमची पट्टी लावा. विजेची टोकं किंवा हवेच्या फटी झाकू नका, आणि बॅटरी दोरीने बांधून काम भागवू नका. खड्ड्यात संपर्क तुटला तर मोटर अचानक बंद पडते.

५. मागचा एक्सल. नट सैल करून पुन्हा बसवताना दात असलेला वायसर खाचेतच बसला आहे ना, हे पाहा. तो तिरका बसला की पायडलवर जोर दिल्यावर ‘कट्’ असा आवाज येतो. चाक काढायचं असेल तर आधी मोटरच्या वायरचा जोड उघडा. जोडावरचे बाण पाहून ठेवा आणि परत लावताना ते समोरासमोर आणा. वायर पिळू नका. नट किती आवळायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, त्या आकड्यासाठी मात्र टॉर्क रेंच वापराच.

६. स्पोक. शेजारचे दोन-दोन स्पोक हाताने दाबत पूर्ण चाक फिरा. एखादी जोडी कुरकुरली किंवा इतरांपेक्षा मऊ लागली तर चाकाचा आऊट काढून घ्या. हब मोटरच्या चाकात नवे स्पोक काही दिवसांत बसतात आणि सैल पडतात, म्हणून पहिल्या सर्व्हिसला हे काम करून घ्यायचंच. स्पोक एकमेकांवरून जातात तिथे तेलाचा एखादा थेंब चालतो. डिस्कच्या बाजूला मात्र तेल काडीने लावा, फवारू नका.

७. क्रँक आणि बीबी. मिस्त्री इथूनच सुरुवात करतात. आपण इथे सहा जागा तपासून पोहोचलो, म्हणून आता संशय पक्का. आधी क्रँकचा मधला बोल्ट तपासा. चौकोनी एक्सलच्या बहुतेक क्रँकला ३५ ते ४० न्यूटन-मीटर लागतात. सैल क्रँकवर खूप दिवस गाडी चालली असेल तर क्रँकचं चौकोनी भोक पसरतं. मग कितीही आवळा, आठवड्यात परत सैल. क्रँकच बदलावा लागतो.

बीबी काढायला खास पाना लागतो, हातोडा-छिन्नी नव्हे. सर्वसाधारण आट्यांच्या बीबीत उजवीकडचे आटे उलटे असतात. ई-बाईकमध्ये बीबीलाच वेगाचा किंवा जोराचा सेन्सर जोडलेला असू शकतो. त्याची वायर तुटली तर मोटरची मदतच बंद होते. हे मिस्त्रीला आधीच सांगा. बरेचदा बीबी खराब नसते, आटे कोरडे असतात. तसं असेल तर काढून, साफ करून, ग्रीस लावून बसवली की काम झालं. बोटाने एक्सल फिरवताना खरखर लागली तरच नवी.

८. चेन आणि मागचा गिअरचा कान. चेनच्या १२ पूर्ण कड्या, म्हणजे आतली-बाहेरची मिळून एक अशा १२, नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. इंचाचा सोळावा भाग वाढला की चेन बदला, नाहीतर ती दातेही खाते. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीला लटकतो ती पट्टी काढून पातळ ग्रीस लावा. या पट्टीची कुरकुर हुबेहूब बीबीसारखी ऐकू येते.

९. सस्पेन्शन. मागेही सस्पेन्शन असेल तर त्याचे सांधे पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे तपासा. पुढच्या चिमट्यात मधली नळी वरच्या आडव्या भागात दाबून बसवलेली असते. करकर तिथून येत असेल तर ग्रीसने जात नाही, तो भागच बदलावा लागतो. हा वॉरंटीचा विषय.

१०. मोटर. पायडलपाशी मोटर असेल तर तिचे फ्रेमला लावलेले बोल्ट दिलेल्या आकड्यावर आवळलेले आहेत का पाहा. त्यांना ग्रीस नको. कंपनी सांगते ते चिकट द्रव्य लावतात. घरघर, दाते घसरल्याचा झटका किंवा जळका वास आतून येत असेल तर मोटर स्वतः उघडू नका.

या गोष्टी टाळा

- वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा. मोटरसायकलला चालतो, इथे बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं आणि मोटरच्या वायरीत पाणी शिरतं. ओलं फडकं, बादली आणि ब्रश पुरे.
- रॉकेल किंवा पेट्रोलने गाडी धुणं. चेन काढून वेगळी धुतली तर ठीक. गाडीवरच ओतलं तर बीबीतलं ग्रीस जातं, डिस्कही खराब होते.
- खोबरेल, मोहरीचं किंवा जळकं इंजिन ऑइल चेनला. धूळ चिकटून आठवड्यात चेनवर घासणारा लगदा तयार होतो.
- गंज सोडवणारा फवारा म्हणजे ग्रीस समजणं. चार दिवस आवाज जातो, नंतर सांधा पहिल्यापेक्षा कोरडा.
- डिस्कच्या स्क्रूंना ग्रीस. तिथे निळं लॉकटाइट लागतं.
- चीर गेलेल्या अॅल्युमिनियम फ्रेमला वेल्डिंग. या फ्रेमची ताकद कारखान्यातल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून येते. गावातल्या वेल्डिंगने चीर झाकली जाते, आजूबाजूचा धातू मऊ पडतो. बॅटरी न काढता वेल्डिंग तर कधीच नाही.
- वेग वाढवण्यासाठी मर्यादा काढणं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची, ताशी २५ किलोमीटरला मदत बंद करणारी, पायडलला साथ देणारी सायकल मोटार वाहनात मोडत नाही. मर्यादा काढली की ही सवलत जाते, नोंदणी आणि परवान्याचा प्रश्न येतो, वॉरंटीही जाते. एक्सल आणि स्पोकवरचा जोर वाढतो तो वेगळाच.

मिस्त्रीकडे नेताना

आपल्या भागातले सायकल मिस्त्री चाकाचा आऊट, बीबी, चेन आणि हँडलचं काम उत्तम करतात. विजेचा भाग त्यांच्याकडून उघडून घेऊ नका. बॅटरी काढून गाडी द्या. कागदावर चार ओळी लिहून द्या: आवाज कोणता, कधी येतो, कधी थांबतो, तुम्ही काय काय करून पाहिलं. कोणता भाग बदलला ते बिलावर लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा. वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या मिस्त्रीकडून काम करून घेण्याआधी कंपनीकडून तशी लेखी परवानगी, निदान संदेशावर तरी, घ्या. फोनवरचं ‘चालेल हो’ पुढे कामाला येत नाही.

बॅटरी किंवा मोटर कंपनीकडे पाठवायची वेळ आली तर वाहतुकीची व्यवस्था विक्रेत्यालाच विचारा. लिथियम बॅटरी धोकादायक मालात गणली जाते, त्यामुळे कुरिअरवाले ती बरेचदा नाकारतात.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

चेन, ब्रेक पॅड, टायर झिजणं म्हणजे वापर. त्याची वॉरंटी सहसा नसते. पण मुदतीत फ्रेमला चीर, चिमट्याच्या नळीची करकर किंवा मोटरची घरघर आली तर ‘सायकलला आवाज येतोच’ हे उत्तर पुरेसं नाही. फ्रेम, मोटर आणि बॅटरी यांच्या मुदती बहुधा वेगवेगळ्या असतात; वॉरंटी कार्डावर तिन्ही पाहा.

पायऱ्या अशा:

1. पुरावा जमवा. बिल, वॉरंटी कार्ड, फ्रेम नंबर आणि आवाजाचे दोन छोटे व्हिडिओ: एक आवाज येताना, एक बंद होताना. सर्व्हिस सेंटरला गेल्यावर आवाज आला नाही तर हेच कामी येतात.
2. लेखी तक्रार करा. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही ईमेल पाठवा, तक्रार क्रमांक घ्या. गाडी जमा करताना जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या.
3. ऑनलाइन घेतली असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे.
4. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.
5. जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे गोंदियातच, तक्रार करता येते. कंपनी पुण्याची असो की लुधियानाची, तुम्ही तिकडे जायचं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरही दाखल होते. आयोग दोष दूर करून द्यायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो.

आणखी चार गोष्टी माहीत असू द्या. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर परतीची मुदत दिलेली नसेल आणि ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार दिला तर तीही अनुचित प्रथाच. दुकानातली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. आणि दूध, डबे किंवा पार्सल पोहोचवून स्वतःचं पोट भरण्यासाठी गाडी घेतली असेल तरी तुम्ही ग्राहकच आहात.

आपल्या हवामानाचं वेळापत्रक

- मृग लागण्यापूर्वी: सीटचा दांडा, पायडल आणि बीबीच्या आट्यांना ताजं ग्रीस. वायरींच्या जोडांची रबरं तपासा.
- रोवणीच्या दिवसांत: पांदण रस्त्याचा चिखल वाळण्याआधी बादलीच्या पाण्याने काढा, चेन पुसून तेल द्या. मोटरचा एक्सल बुडेल इतक्या पाण्यातून गाडी नेऊ नका.
- दिवाळीनंतर, धान निघाल्यावर: भुसा आणि धूळ काढण्यासाठी सीटचा दांडा आणि स्टेम उघडून साफ करा. चेन मोजा.
- उन्हाळ्यात: पारा ४५ अंशांकडे जातो. गाडी सावलीत, बॅटरी घरात. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंग नको. स्पोक आणि एक्सलचे नट तपासा.

बिलाच्या फाईलमध्ये एक कागद ठेवा: तारीख, किलोमीटर, कोणता सांधा उघडला, कोणता भाग बदलला. पुढच्या वेळी कुरकुर आली की आधी तो वाचा. ज्या सांध्याला सर्वांत जास्त दिवस हात लागलेला नाही, तपास तिथून सुरू करा. आणि प्रकरण वॉरंटीपर्यंत गेलंच, तर गाडीची निगा राखल्याचा लेखी पुरावा तुमच्या हातात असेल.